बैलगाडा शर्यत (जुन्नर–आंबेगाव)

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, मुख्यतः जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर व मावळ तालुक्यांत, ग्रामदैवतांच्या यात्रांनिमित्त भरणारी वेगाची शर्यत. आंबेगाव तालुक्यातील नागापूरजवळच्या थापलिंग गडावर पौष पौर्णिमेला खंडोबाची यात्रा भरते, त्या वेळीही गाडे पळतात.

स्वरूप : धावपट्टीला ‘घाट’ म्हणतात. माळावर आखलेली ही सरळ वाट खालून वर चढत जाते. हलक्या गाड्याला मागे-पुढे अशा दोन जोड्या, म्हणजे चार बैल जुंपतात. गाड्यावर गाडीवान नसतो. पुढे धावणाऱ्या घोडीमागे बैल पळतात. एका धावेला ‘बारी’ म्हणतात. बारी लागेपर्यंत माणसे बैलांना जुवापाशी धरून ठेवतात. निशाण पडताच हात सुटतात, भंडारा उधळला जातो आणि ‘भिर्रर्र’ची आरोळी उठते. काही सेकंदांत बारी संपते. गाडे एकमेकांशेजारी पळत नाहीत. प्रत्येकाची झुंज घड्याळाशी असते. लागलेल्या वेळेनुसार गाडे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या क्रमांकात बसतात, म्हणून एकाच क्रमांकात अनेक गाडे येऊ शकतात. सर्वांत कमी वेळ घेणारा गाडा ‘घाटाचा राजा’ ठरतो.

बैल : शर्यतीसाठी काटक, चपळ खिलार जातीला पसंती असते. गाडामालक वासरू पारखून घेतात आणि वर्षभर खुराक व सराव सांभाळतात. गाडा मालकाच्या नावाने पुकारला जातो, पण मान साऱ्या गावाचा असतो.

कायदा : केंद्र सरकारच्या 2011 च्या अधिसूचनेने खेळ-प्रदर्शनांत बैलांच्या वापरास मनाई झाली. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. तिच्या अंमलास मुंबई उच्च न्यायालयाने अटकाव केला. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली. 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा, तसेच तमिळनाडूतील जल्लिकट्टू व कर्नाटकातील कंबळा यांसंबंधीचे कायदे वैध ठरवले. मूळचे नारायणगावचे खासदार अमोल कोल्हे यांनी बंदी उठवण्याची मागणी लोकसभेत मांडली होती.

शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. बैलांना इजा करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बैलाच्या जिवावर हा खेळ उभा असल्याने त्याची काळजी घेणे हीच परंपरा टिकण्याची पहिली अट आहे.