दुधनी व भीमाखोरे
¹ दुधनी : सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील, कर्नाटकाच्या सीमेलगतचे बाजारपेठेचे व रेल्वेस्थानकाचे गाव. भोवतालचा प्रदेश सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या दख्खनच्या पठाराचा भाग असून बेसाल्ट, म्हणजे काळ्या अग्निजन्य खडकाच्या झिजेतून येथील काळी जमीन तयार झाली आहे; गावाच्या दक्षिणेकडून वाहणारी भीमा ही या प्रदेशाची मुख्य नदी होय. भीमाखोऱ्यातील आद्य शेतकऱ्यांची साक्ष घोड नदीकाठच्या इनामगावच्या उत्खननाने दिली असून इनामगाव ही ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे दगडाबरोबर तांब्याचीही हत्यारे वापरणाऱ्या लोकांची वसाहत होती. खालच्या खोऱ्यात सन्नती येथे सम्राट अशोकाचे लेख मिळाले आहेत. युरोपीय प्रवाशांपैकी अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी इ.स. 1470 च्या सुमारास चौल व जुन्नरमार्गे बहमनी राजधानी बीदर येथे पोहोचला; दुधनीच्या ईशान्येस असलेल्या आळंदच्या दर्ग्याजवळ दरवर्षी दहा दिवस भरणाऱ्या जत्रेचे त्याने वर्णन केले असून तेथे 20,000 पर्यंत घोडे विक्रीस येत, असे तो लिहितो. वास्को द गामाच्या आगमनापूर्वीची ही नोंद असल्याने या सीमाभागाच्या इतिहासात तिचे मोल फार मोठे आहे.