एकच तिथी, दोन नावं

स्मरणिका समितीने मला सोसायटीचा इतिहास लिहायला सांगितला. बांधकाम, पाण्याची टाकी, कन्व्हेयन्सची लढाई, लिफ्ट हे इतर सभासदांच्या लेखांत येईलच. मी एकच छोटी गोष्ट सांगणार आहे. ती माझ्या चुकीची आहे, आणि तिची मुळं आपल्या सोसायटीपेक्षा पुष्कळच जुनी आहेत.

1981 साली मी मुंबईत मशीद बंदरला एका गुजराती पेढीवर हिशेबनीस म्हणून लागलो. गावाकडून आलेला मी, वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं एवढंच मला ठाऊक. पेढीवर मात्र वर्ष दिवाळीत संपायचं. लक्ष्मीपूजनाला चोपडापूजन, आणि आपल्या बलिप्रतिपदेला त्यांचं बेसतुं वर्ष. आपला शक गुढीपाडव्याला बदलतो, त्यांचा विक्रम संवत कार्तिकात. अधिक मास आला की ताळेबंद तेरा महिन्यांचा! पहिल्या वर्षी मी भाड्याचा हिशेब बारा महिन्यांचा लावला आणि शेठजींकडून बोलणी खाल्ली. पुढे प्राप्तिकराच्या कायद्यात बदल झाला आणि 1989-90 या करनिर्धारण वर्षापासून सगळ्यांनाच 31 मार्चला वर्ष बंद करणं भाग पडलं. 1987 च्या दिवाळीपासून 31 मार्च 1989 पर्यंतचा, म्हणजे जवळजवळ सतरा महिन्यांचा एकच हिशेब मी हाताने लिहिला आहे. चोपडापूजन मात्र थांबलं नाही. सरकारचं वर्ष वेगळं, लक्ष्मीचं वेगळं.

एवढं सगळं पाहिल्यावर मला वाटायचं की पंचांगातलं आपल्याला कळतं. सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यावर तर जास्तच. आपल्याकडे पहिल्यापासून सगळ्या प्रांतांतली मंडळी. तमिळ कुटुंबांचं नववर्ष एप्रिलच्या मध्यावर, मल्याळी घरांचं ऑगस्टमध्ये चिंगम महिन्याला, सिंधी मंडळींचा चेटीचंड आपल्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. हे फरक डोळ्यांना दिसतात, रांगोळीवरून कळतात, त्यामुळे त्यांत कधी घोटाळा झाला नाही.

घोटाळा झाला तो जिथे फरकच नाही असं वाटत होतं तिथे.

बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर मास्टरजी राहायचे. मथुरेजवळच्या गावातल्या शाळेतून निवृत्त होऊन मुलाकडे आलेले. सोसायटीतल्या निम्म्या पोरांचं गणित त्यांनी फुकट पक्कं करून घेतलं. त्यांच्या घरची जन्माष्टमी आणि आमची गोकुळाष्टमी एकाच दिवशी, महाशिवरात्र एकाच दिवशी, होळी, दिवाळी सगळं एकत्र. महिन्यांची नावंही तीच, चैत्र, वैशाख... तेव्हा पंचांग एकच, असं मी धरून चाललो. खरं तर एक खूण मला दिसायला हवी होती. दरवर्षी आपली पोरं गच्चीवर गटारीचा बेत करायची तेव्हा मास्टरजींचं घर पंधरा दिवस आधीपासूनच श्रावण पाळत असायचं. मी ते त्यांच्या सोवळेपणाच्या खात्यावर टाकलं होतं.

मास्टरजी गेले ते दिवाळीनंतर तिसऱ्या आठवड्यात. त्या धावपळीत त्यांच्या मुलाने विचारलं, "काका, आज तिथी कोणती?" मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बघून एका चिठ्ठीवर लिहून दिलं, 'कार्तिक वद्य अष्टमी'. तारीख लिहायचं सुचलं नाही. तारीख काय, दाखल्यावर असतेच.

वर्षश्राद्ध गावीच करायचं असं ठरलं होतं. मुलाने ती चिठ्ठी काकांकडे पाठवली, पुरोहितांनी तिच्यावरून पुढच्या वर्षीचा दिवस काढला. काकांना जरा शंका आली होती म्हणे, पण मुंबईहून लिहून आलंय म्हणून ते गप्प राहिले. रेल्वेची तिकिटं निघाली, मुलाने रजा घेतली. मग एका संध्याकाळी आजी, म्हणजे मास्टरजींच्या पत्नी, माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, "भाईसाहब, ये दिन ठीक नहीं है. ये तो अहोई का दिन है. उस दिन तो तारा मुझे मास्टरजी ने ही दिखाया था."

अहोई अष्टमी म्हणजे मुलांसाठी आईने करायचा उपास. तो दिवाळीच्या आधी आठवडाभर येतो आणि तारे बघून सोडतात. आदल्या वर्षी त्या संध्याकाळी मास्टरजी त्यांच्याबरोबर आपल्या गच्चीवर उभे होते. मी काढून दिलेला दिवस खरा असता, तर ते त्यानंतर महिनाभर जगलेच नसते.

मी शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं 'भारतीय ज्योतिषशास्त्र' ग्रंथालयातून आणलं. 1896 सालचं पुस्तक, पण माझं उत्तर त्यात सरळ होतं. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, गुजरातेतही तसंच. उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षाचं नाव दोन्हीकडे एक, वद्य पक्षाचं मात्र वेगळं. आपला कार्तिक वद्य म्हणजे त्यांचा अगहन, आपला मार्गशीर्ष. त्यांचा कार्तिक वद्य म्हणजे आपला आश्विन वद्य. गोकुळाष्टमीला आपण श्रावण म्हणतो आणि ते भादों म्हणतात, दिवस तोच. म्हणून सण कधी चुकत नाहीत, आणि म्हणूनच फरक कळत नाही. कागदावर नुसती तिथी लिहिली की महिनाभराची चूक.

दीक्षितांनी त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर इंग्रजीत तारखा जुळवण्याच्या कोष्टकांचं पुस्तक काढलं. ते शिलालेख वाचणाऱ्यांसाठी होतं तसंच न्यायालयांसाठी आणि सरकारी कचेऱ्यांसाठीही होतं. जुन्या दस्तऐवजांवरच्या तिथींचे घोटाळे तिथे रोजचेच असणार. स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. नागपूरचे के. ल. दफ्तरी आणि 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर ही आपली माणसं तिच्यात होती. तेव्हा देशात तीसेक पंचांगं चालू होती. समितीच्या शिफारशीवरून 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका आली. ती राजपत्रावर छापली जाते, आकाशवाणीवर सांगतात. श्राद्धाचा दिवस तिच्यावरून काढलेला मी अजून पाहिला नाही.

तर, आजींमुळे दिवस दुरुस्त झाला. पण मुलाची रजा दिवाळीच्या आधीची होती, बदलून मिळाली नाही. शेवटी वर्षश्राद्ध इथेच, आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. गावाहून काकांना येता आलं नाही. भावाचं वर्षश्राद्ध त्यांनी फोनवर ऐकलं. त्या दिवशी मुलाने मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर सूचना फलकावर निधनाची सूचना लिहिताना मी तारीख आधी लिहितो, मग तिथी, आणि वद्य पक्ष असेल तर महिन्याची दोन्ही नावं. सध्याच्या सेक्रेटरींनीही ती पद्धत चालू ठेवली आहे. नव्या सभासदांना ते विचित्र वाटतं, म्हणून हे लिहिलं.

गच्चीची एक किल्ली अजून माझ्याकडे असते. अहोईच्या संध्याकाळी आजी ती न्यायला येतात.