शिवारनोंद : मेंढरांमागून आलेलं भीमथडीचं घोडं

भात झोडून झालं. एका खाचरात वाल पेरले, दुसरं मोकळं ठेवलंय मेंढरं बसवायला. दरवर्षीप्रमाणे धनगरमामा घाट उतरून आले. दोन रात्री मेंढरं बसली की पुढच्या पावसात भाताला युरिया निम्मा लागतो, हा माझा अनुभव.

या वेळी मात्र नोंद मेंढरांची नाही, त्यांच्यामागून आलेल्या घोड्याची आहे. लहानखुरं, तांबूस, पोट सुटलेलं. पाठीवर अख्खा संसार: भांडी, घोंगड्या, जाळी, वरती कोंबड्या आणि चालता न येणारी कोकरं. आमची पोरं त्याला "टट्टू" म्हणून हसतात. लहानपणी मीही हसलोय. पण त्याचा इतिहास वाचायला बसलो, आणि हसू मावळलं.

जगात मोकळ्या घोड्यांचा विषय निघाला की अमेरिकेतल्या मस्टँगचं नाव येतं. तो मूळचा तिथला नाही. १४९३ साली कोलंबस दुसऱ्या सफरीला गेला, तेव्हा त्याने जहाजातून स्पॅनिश घोडे नेले. मागून आणखी गेले. काही सुटले, पळाले, माळावर वाढले आणि रानटी झाले. १९७१ मध्ये तिकडे त्यांच्या रक्षणासाठी कायदाही झाला.

आपल्याकडेही घोडा जहाजातूनच उतरला, आणि तोही आपल्याच किनाऱ्यावर. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलोने ठाण्याबद्दल लिहून ठेवलंय, की इथल्या राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता: लुटीतला बाकी माल तुमचा, घोडे तेवढे माझे. ठाणे म्हणजे आपल्या शेजारचंच की! घोड्याला किती किंमत होती, ते यावरून समजून घ्या.

दुसरी गोष्ट चौलची. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला. त्या एका घोड्यापायी त्याचे १०० रुबल खर्च झाले होते. घाट चढून जुन्नरला पोचला, तर तिथल्या खानाने घोडाच काढून घेतला. धर्म बदल, घोडा परत देतो वर मोहरा देतो, नाहीतर घोडाही गेला आणि दंडही भर. मुदत चार दिवस. शेवटी ओळखीचा एक खुरासानी मध्ये पडला, त्याने शब्द टाकला आणि माणूस-घोडा दोघे सुटले. पुढे बीदरला त्याने तो विकला. रेवदंड्याला या निकितिनचं स्मारक आहे, अलिबागकडे गेलात तर बघून या.

१५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि घोड्यांची जहाजं गोव्यालाच लागली पाहिजेत असा दंडक घातला. विजापूर आणि विजयनगर, दोघांनाही घोडे हवेच होते, त्यामुळे जकातीत गोव्याची चांदी झाली. पोर्तुगाल स्पेनच्या शेजारचा, पण गोव्यात उतरणारा घोडा तिकडचा नव्हता. तो होर्मुझकडून येणारा, अरबी-इराणी.

आता शेतकऱ्याचा प्रश्न: एवढे घोडे उतरले, मग आपल्या कोकणात त्यांची पैदास का नाही झाली? ज्याने जनावर पाळलंय त्याला उत्तर माहीत आहे. चार महिने चिखल, खूर कुजणार, अंगावर माश्या, चारा ओला. घोड्याला कोरडी जमीन, कडक माळ आणि सकस गवत लागतं. ते घाटावर, भीमा-नीरेच्या खोऱ्यात. थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेचा काठ ती भीमथडी. तिथे अरबी आणि तुर्की रक्त स्थानिक तट्टांत मिसळलं आणि आपला घोडा तयार झाला. उंचीला कमी, पण खूर घट्ट, खाणं थोडं, डोंगर चढायला पटाईत.

मराठ्यांची फौज या घोड्यावर पळाली. बारगीर असेल तर घोडं सरकारी, शिलेदार असेल तर स्वतःचं. शिलेदाराचं घोडं मेलं की त्याची रोजीरोटीच गेली, म्हणून पोटच्या पोरासारखं जपायचा. १८१८ ला पेशवाई संपली, पागा रिकाम्या झाल्या. इंग्रजांच्या फौजेला मोठे घोडे हवे होते, ते ऑस्ट्रेलियातून यायला लागले. भीमथडीला गिऱ्हाईक उरलं नाही.

इथेच आपली गोष्ट मस्टँगपासून वेगळी होते. ते घोडे रानात सुटले म्हणून टिकले. आपले टिकले ते माणसाबरोबर चालत राहिले म्हणून. धनगरांनी त्यांच्यावर बिऱ्हाड लादलं आणि दरवर्षी माळावरून कोकणात, कोकणातून माळावर फिरवलं. ना सरकारी पागा, ना राजाश्रय. २०२३ मध्ये जे गीत राज्यगीत झालं, त्यात या तट्टांचं नाव आहे. त्यानंतर कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी ही देशातली आठवी घोड्याची जात म्हणून नोंदवली. नोंद झाली हे चांगलंच. पण जात कागदावर जगत नाही, वाटेवर जगते.

आणि वाट कुठे राहिलीय? तळोज्यात कारखाने आले, टॉवर आले, नोव्हेंबर २०२३ पासून पेंधरपर्यंत मेट्रो धावते. त्याबद्दल तक्रार नाही, माझा मुलगाही मेट्रोनेच कामाला जातो. पण पूर्वी मामांचा मुक्काम आमच्या शिवारात पंधरा दिवस असायचा. आता दोन रात्री. मोकळी खाचरंच उरली नाहीत.

काल चहा पिताना मामा म्हणाले, "मालक, पोरगं म्हणतंय औंदा घोडं इकू, टेंपो घिऊ. रस्त्यावर गाड्या लई, घोडं बुजतंय."

मी म्हटलं, "मामा, मग बिऱ्हाड टेंपोत, आणि कोकरं?"

"ती बी टेंपोतच." एवढं बोलून ते घोड्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले.

त्यांच्या पोराचं चूक नाही. ट्रॅक्टर आला तेव्हा मीही बैल विकलेत, मी कोणत्या तोंडाने सांगू? माझ्या हातात आहे तेवढं केलं. हे खाचर पुढच्या दिवाळीनंतरही मोकळं ठेवतो, असा शब्द दिला. घोडं घेऊन या म्हटलं, कडबा माझा.

तुमच्या शिवारात धनगर येतात का? बरोबर घोडी असतात का? फोटो काढून ठेवा आणि इथे टाका.