‘आजोबांच्या माळ्यावरून’: आगगाडीच्या खेळण्यांचे लिलाव आणि त्यांचा इतिहास

‘आजोबांच्या माळ्यावर सापडली. मला यातलं काही कळत नाही. चालते की नाही, तपासलेलं नाही. फोटोत दिसते तशीच मिळेल.’

जुन्या खेळण्यातल्या आगगाड्यांचे ऑनलाइन लिलाव पाहणाऱ्याला ही चार वाक्यं पाठ असतात. भाषा इंग्रजी असो, जर्मन असो, अर्थ हाच. त्यातलं एकही वाक्य खोटं ठरवता येत नाही, यातच त्यांची ताकद आहे. आजोबा कोणाचे हे कोणी विचारत नाही. ‘तपासलेलं नाही’ म्हणणाऱ्याच्याच दुसऱ्या एखाद्या वस्तूच्या फोटोत मागे टेबलावर रूळ आणि ट्रान्सफॉर्मर जोडून ठेवलेला दिसतो. पण तो फोटो दुसऱ्या वस्तूचा. इथे त्याचा संबंध नाही.

मी आगगाड्या जमवत नाही. परवडणार नाहीत आणि ठेवायला जागाही नाही. मी विक्रीच्या या नोंदी जमवतो. गेली अकरा वर्षं, लिलाव संपून ते पान नाहीसं व्हायच्या आत, फोटो आणि मजकूर दोन्ही छापून फाईलला लावतो. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं, पोट हिशेब तपासण्यावर भरलं, त्यामुळे पावत्या जपण्याची सवय जुनी. जी.आय.पी. रेल्वेच्या विद्युतीकरणाची कागदपत्रं शोधताना त्या इंजिनांच्या लहान प्रतिकृतींशी गाठ पडली आणि तिथून मी या बाजारात शिरलो. हळूहळू ध्यानात आलं, की हा नुसता हौशी लोकांच्या खिशाचा प्रश्न नाही. खेळण्यांचा इतिहास लिहिणाऱ्याकडे साधनं मुळातच थोडी असतात. कारखाने बुडतात, वह्या रद्दीत जातात. उरतात कंपनीचे सूचिपत्रक आणि ती वस्तू. आता तिसरं साधन तयार झालं आहे, ते म्हणजे ‘अमुक वर्षी अशी वस्तू विकली गेली’ ही नोंद. आणि ती लिहिणारा माणूस ती वस्तू विकायला बसलेला असतो.

मुळापासून सांगतो. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ग्योपिंगेनच्या मॅर्कलिन कंपनीने ठरावीक मापांच्या रुळांवर चालणारी आगगाडी मांडली. कल्पना साधी होती. यंदा इंजिन आणि दोन डबे, पुढच्या नाताळाला आणखी रूळ, त्याच्या पुढच्या वर्षी सिग्नल किंवा स्टेशन. मापं ठरलेली असल्याने नवं जुन्याला जोडता येई. इतर कारखान्यांनीही तीच मापं उचलली. या जोडता येण्यावरच हा सगळा धंदा उभा राहिला, आणि आजची फसवणूकही त्याच्यावरच उभी आहे. १९१२चं इंजिन, १९२५चे डबे आणि तिसऱ्याच संचाचा खोका एकत्र ठेवला तर रुळांवर काहीही अडत नाही. अडतं फक्त इतिहासात. ‘मूळ खोक्यासह संपूर्ण संच’ असं शीर्षक असलेल्या नोंदींमध्ये खोक्यावरचा क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक ताडून पाहणं हे पहिलं काम. खोक्याची ती बाजू फोटोत नसेल, तर ती का नाही, हे दुसरं.

काळ ठरवायला सगळ्यात विश्वासू साक्षीदार म्हणजे कायदा. ब्रिटनच्या १८८७च्या आणि अमेरिकेच्या १८९०च्या कायद्यांमुळे परदेशी मालावर उगमदेशाचं नाव येऊ लागलं. त्या काळी जगातली बरीचशी खेळणी न्यूर्नबर्गच्या परिसरातून निघत, म्हणून पत्र्यावर कुठेतरी बारीक अक्षरांत ‘जर्मनी’ असतंच. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे अमेरिकी अंमल आला, तेव्हा ‘यू.एस. झोन, जर्मनी’ असा शिक्का आला. माझ्या फाईलमध्ये ‘युद्धपूर्व, अत्यंत दुर्मीळ’ अशा शीर्षकाखाली हा शिक्का स्वच्छ दिसणाऱ्या नोंदी आहेत. विक्रेत्याने शिक्का लपवलासुद्धा नाही. वाचणारा शीर्षकावरच थांबतो, हे त्याला ठाऊक असतं. न्यूर्नबर्गच्याच बिंग बंधूंच्या मालाचंही तसंच. आधी जी.बी.एन. ही अक्षरं आणि पहिल्या महायुद्धानंतर बी.डब्ल्यू. तरी ‘सुमारे १९०५’ लिहिलेल्या इंजिनावर बी.डब्ल्यू. सापडतं. ‘सुमारे’ या शब्दाने किती वर्षं गिळावीत, याला काही सुमार नाही.

इंग्लंडच्या बाबतीत तर १ जानेवारी १९२३ ही एक तारीख पाठ असली तरी पुष्कळ झालं. त्या दिवशी तिथल्या बहुतेक रेल्वे कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या. फ्रँक हॉर्नबीच्या लिव्हरपूलच्या कारखान्यातून पहिल्या किल्लीच्या आगगाड्या १९२०मध्ये बाहेर पडल्या. म्हणून ‘हॉर्नबीच्या पहिल्या वर्षातली’ असं वर्णन आणि डब्यावर एल.एन.ई.आर. ही अक्षरं, असं दिसलं की पुढे वाचायचं कारण नाही, कारण १९२०मध्ये ती कंपनी जन्माला यायची होती. याच कारखान्याची लहान मापाची ‘डब्लो’ गाडी १९३८ची, पण ती तीन रुळांची. दोन रुळांवरची डब्लो १९५९पासूनची. शीर्षकात ‘१९३८’ आणि फोटोत दोन रूळ, हे मी वारंवार पाहिलं आहे. पुढे १९६४मध्ये ही कंपनी ट्राय-अँगवाल्यांच्या हाती गेली, लिव्हरपूलचा कारखाना १९७९मध्ये बंद पडला. हॉर्नबी हे नाव मात्र मार्गेटहून आणि नंतर चीनमधून येणाऱ्या मालावर चालू राहिलं. नाव खरंच हॉर्नबी असल्यामुळे ‘जुनी लिव्हरपूलची हॉर्नबी’ म्हणणाऱ्याला अर्धं सत्य आयतंच मिळतं.

काही साक्षीदार कागदाबाहेरचे आहेत. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात चाकं आणि इतर भाग जस्ताच्या मिश्रधातूत ओतले जाऊ लागले. त्यात शिशाची भेसळ राहिली तर धातू आतून फुगतो, तडकतो, शेवटी बिस्किटासारखा तुटतो. याला जस्ताचा रोग म्हणतात. रोगट इंजिनाचा फोटो नेहमी वरून काढलेला असतो, चाकं सावलीत. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३०च्या दशकाच्या मध्यानंतरचा, त्यामुळे १९१०च्या इंजिनात तो दिसला तर कोणीतरी आत हात घातलेला आहे. आणि खोके. रिकाम्या खोक्यालाही इतका भाव आला आहे, की नवे खोके छापून विकले जातात. छापणारे प्रामाणिकपणे ‘नवी प्रत’ असं लिहितात. दोन-तीन हात बदलले की ते शब्द गळून पडतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कागदात पांढरेपणासाठी घालतात ती द्रव्यं जांभळ्या दिव्याखाली निळसर चमकतात. १९३०चा पुठ्ठा तसा चमकत नाही. नोटा तपासायचा दिवा पुरतो. अर्थात फोटोवर दिवा धरता येत नाही, आणि लिलाव ऑनलाइन असण्याचा सगळा फायदा विक्रेत्याला इथेच मिळतो.

मापांचा घोळ त्यामानाने निरुपद्रवी. एच.ओ. म्हणजे मूळच्या ८७वा हिस्सा, ब्रिटिश ओ.ओ. म्हणजे ७६वा. रूळ मात्र दोन्हींचे साडेसोळा मिलिमीटरचेच. तेव्हा विक्रेता चुकला तरी मी त्याला बोल लावत नाही.

पण खरी गोम दुर्मिळतेच्या गोष्टींत आहे. अमेरिकेतल्या लायोनेल कंपनीने १९५७मध्ये मुलींसाठी म्हणून गुलाबी इंजिन आणि फिकट रंगांचे डबे असा संच काढला. मुलींना आगगाडी हवी होती ती खऱ्या आगगाडीसारखी, त्यामुळे तो फारसा खपला नाही. खपला नाही म्हणून आज दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणून महाग. मात्र त्या गुलाबी इंजिनाचा साचा २०३७ क्रमांकाच्या अगदी साध्या काळ्या इंजिनाचा. तो हवा तितका मिळतो. गुलाबी रंगाचा डबा आणि निवांत दुपार असली की बाकीचं होतं. नव्याने रंगवलेलं इंजिन ओळखायला अक्षरांच्या कडा, रंगाखालच्या जुन्या ओरखड्यांचे खड्डे आणि आतल्या बाजूला राहून गेलेला काळा रंग पाहतात. याहून मजेची गोष्ट मुलांच्या निळ्या संचाची. तो बाजारात कधी आलाच नाही, नमुन्यांपुरताच राहिला. म्हणजे ज्या वस्तूचं उत्पादनच झालं नाही तिच्या नकला करणं सगळ्यात सोपं, कारण ताडून पाहायला अस्सल कोणाच्या हाती नाही. ‘कारखान्यातला नमुना’, ‘कारखान्यातली चूक’, ‘मधल्या काळातला प्रकार’ या तीन शब्दप्रयोगांना मी लाल शाईने खूण करतो. सूचिपत्रकात ही वस्तू का नाही, या एकमेव अवघड प्रश्नाचं उत्तर त्यांनी आधीच देऊन ठेवलेलं असतं.

अडाण्याचं सोंग या व्यवहारात केवळ आगगाडीवाल्यांचं नाही. मे २०००मध्ये ईबेवर केनेथ वॉल्टन नावाच्या अमेरिकी वकिलाने एक अमूर्त चित्र असंच ‘मला काय कळतंय’ थाटात मांडलं. गॅरेजमध्ये पडून होतं, मुलाने खेळण्यातली गाडी आदळून भोक पाडलं, असं लिहिलं. चित्राच्या कोपऱ्यात प्रसिद्ध चित्रकार डीबेनकॉर्नची आद्याक्षरं दिसत होती, मजकुरात मात्र त्याचा उल्लेखही नव्हता. बोली एक लाख पस्तीस हजार डॉलरच्या वर गेली. गोष्ट रचलेली होती, आणि बोली चढवणाऱ्यांत खुद्द विक्रेताही होता. पुढे त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. जाणकार ग्राहकाला वाटावं की समोरच्याच्या अज्ञानाचा फायदा आपण घेतो आहोत, अशी ती रचना होती. हावरेपणा ग्राहकाच्या बाजूने यावा लागतो. माळ्यावरचे आजोबा त्यासाठीच लागतात.

आता आपल्या घाटाकडे येतो. बोरघाट चढवण्यासाठी जी.आय.पी.ने १९२०च्या दशकाच्या अखेरीस मालगाड्यांची विजेची इंजिनं आणली. पहिली काही स्वित्झर्लंडमधल्या विंटरटूरच्या कारखान्यातली, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीची. आपल्याकडच्या रेल्वेवाल्यांनी त्यांना नाव दिलं ‘खेकडा’. स्वित्झर्लंडच्या गोटहार्ड घाटातली त्यांची नातलग इंजिनं ‘मगर’ म्हणून जगभर प्रसिद्ध, आणि मॅर्कलिनने त्या मगरीच्या प्रतिकृती तीसच्या दशकापासून काढल्या. खेकड्याला तसं खेळण्यातलं नशीब लाभलं नाही. म्हणून काही वर्षांपूर्वी एका लिलावात ‘भारतीय मगर, जी.आय.पी. रेल्वे, एच.ओ., कारखान्यातला नमुना’ असं शीर्षक दिसलं तेव्हा मी हातातलं काम टाकलं. चॉकलेटी रंग, बाजूला पांढरी अक्षरं, दोन्हीकडे लांब नाकं. मी आस मोजले. खेकड्याला सहा आस, सहाही ओढणारे. स्विस मगरीला आठ, कारण तिच्या दोन्ही टोकांना वाट दाखवणारं एकेक लहान चाकांचं जोडपं आहे. फोटोत आठ होते. कोणीतरी स्विस मगरीला रंग देऊन घाटावर आणलं होतं.

मी विक्रेत्याला हे कळवलं. उत्तर आलं: मी तज्ज्ञ नाही, फोटो पाहून आपणच ठरवा. मजकूर बदलला नाही, इंजिन चांगल्या किमतीला गेलं. आठ महिन्यांनी दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या विक्रेत्याच्या पानावर पुन्हा तसंच इंजिन. मी जुनी छापील प्रत शेजारी ठेवून पाहिलं. छताच्या डाव्या कोपऱ्यावरचा उडालेला रंगाचा टवका तोच, तसाच, चांदणीच्या आकाराचा. म्हणजे इंजिन तेच. मजकुरात मात्र एक वाक्य वाढलं होतं: ‘अशा प्रकारचा आणखी एक नमुना यापूर्वी लिलावात विकला गेल्याची नोंद आहे.’ आपल्याच पहिल्या विक्रीला ते साक्षीला उभं करत होतं. एकाचे दोन झाले होते. या वेळी किंमत पहिल्यापेक्षा वर गेली.

हे दुसरं पानही आता नाहीसं झालं आहे. फोटो मात्र उरला आणि तो निरनिराळ्या ठिकाणी फिरतो, खाली ‘जी.आय.पी.चं खेकडा इंजिन, मूळ रंग’ एवढंच. गेल्या वर्षी कल्याणचा एक तरुण मला भेटायला आला. आजोबा घाटात ड्रायव्हर होते, त्यांच्यासाठी तो पुठ्ठा आणि पत्रा कापून स्वतः खेकडा बनवत होता, आणि त्याच्या मोबाइलमध्ये संदर्भ म्हणून हाच फोटो होता. त्याने पुढच्या-मागच्या लहान चाकांसाठी जागा कापून ठेवली होती. मी त्याला दोन्ही छापील पानं दाखवली, छतावरचा टवका दाखवला. मग दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभ्या असलेल्या ‘सर लेस्ली विल्सन’ या खेकड्याचा बाजूने काढलेला फोटो दिला आणि म्हटलं, मोज. तो बोट ठेवत सहापर्यंत गेला. रंगाबद्दल त्याला सांगितलं, की संग्रहालयातली इंजिनं पुन्हा पुन्हा रंगवली जातात, तेव्हा त्याबाबत फोटोपेक्षा आजोबांना विचार. आजोबांचं वय ब्याण्णव.