वेढ्यातला सेनापती : फ्रीडरिश पाउलस

३० जानेवारी १९४३ रोजी हिटलरने स्टालिनग्राडमध्ये कोंडल्या गेलेल्या आपल्या सेनापतीला फील्ड मार्शलची पदवी दिली. जर्मन फील्ड मार्शल शत्रूपुढे शस्त्र ठेवीत नाही, अशी परंपरा सांगितली जाई. तेव्हा या बहुमानाचा अर्थ उघड होता. पाठविणाऱ्याला पाउलसचे प्रेत हवे होते. पाउलसने ते दिले नाही. दुसऱ्याच दिवशी एका मोठ्या दुकानाच्या तळघरातून तो रशियनांच्या हवाली झाला. कोणी त्याला भ्याड म्हटले, कोणी हिटलरचा बळी. आम्हांला दोन्ही निवाडे उथळ वाटतात.

पाउलसचा जन्म १८९० चा, हेस प्रांतातला. बाप सामान्य कारकुनी पेशाचा. आरमारात घेतले नाही म्हणून थोडे दिवस कायद्याचा अभ्यास करून १९१० साली तो पायदळात शिरला. माणूस बुद्धिमान, कष्टाळू, कपड्यालत्त्यात काटेकोर. मात्र त्याची खरी कर्मभूमी नकाशाचे टेबल. पोलंड आणि फ्रान्सच्या मोहिमांत तो रायशेनाऊ या धडाडीच्या सेनापतीचा चीफ ऑफ स्टाफ होता आणि ती जोडी जमली होती : एकाने निर्णय घ्यावा, दुसऱ्याने तो तपशिलात उतरवावा. सप्टेंबर १९४० मध्ये तो हाल्डरचा दुय्यम झाला आणि रशियावरील स्वारीची आखणी त्याच्याकडे आली. त्याच डिसेंबरात त्याने नकाशावर लुटुपुटूची लढाई खेळवून पाहिली, तेव्हा आपले बळ या कामाला जेमतेम पुरेल, असे त्याला दिसून आले होते. आकडे त्याने वर कळविले आणि काम पुढे चालू ठेवले.

जानेवारी १९४२ मध्ये त्याला सहाव्या सेनेचे आधिपत्य मिळाले. त्यापूर्वी रणांगणावर त्याने ना डिव्हिजन चालविली होती ना कोअर. ही सेनाही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. रायशेनाऊच्या अमदानीत, सप्टेंबर १९४१ मध्ये, किएव्हजवळच्या बाबी यार येथे दोन दिवसांत तेहतीस हजारांहून अधिक ज्यूंची कत्तल झाली ती याच सेनेच्या हद्दीत आणि तिच्या साहाय्याने. स्टालिनग्राडची करुण कहाणी सांगताना हे विसरणे बरोबर नाही.

१९ नोव्हेंबर १९४२ ला रशियनांचा प्रतिहल्ला सुरू झाला. दोन्ही बगलांवरच्या रुमानियन फौजा फुटल्या आणि २३ तारखेला कलाचजवळ वेढ्याची टोके जुळली. आत अडीच लाखांच्या वर माणसे सापडली. पाउलसने मोकळीक मागितली; हिटलरने २४ ला नकार दिला. गोअरिंगने विमानांतून रसद पोचविण्याची हमी घेतली होती. सेनेला रोज निदान तीनशे टन हवे होते. प्रत्यक्षात सरासरी शंभर टनांच्या आसपास पडले. हा हिशेब पाउलसला कळत नव्हता काय? त्याचे सारे आयुष्य असल्याच हिशेबांत गेले होते! त्याच्याच हाताखालच्या सायडलिट्झने २५ तारखेला लेखी विनविले की, हुकूम मोडून बाहेर पडा. पाउलसने ऐकले नाही.

आमच्या मते खरी वेळ हीच होती. इंधन काही उरले होते, घोडे अजून खाऊन संपले नव्हते. पुढे डिसेंबरात मानस्टाइनने सोडविण्यासाठी पाठविलेले रणगाडे मिश्कोव्हा नदीपर्यंत, सुमारे पन्नास किलोमीटरांवर आले. पण पाउलसजवळ तीसएक किलोमीटरांपुरतेच इंधन होते. मानस्टाइनने १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत पाउलसला बराच दोष दिला आहे. तथापि हिटलरची आज्ञा धुडकावून बाहेर पडण्याचा निःसंदिग्ध हुकूम त्यानेही कधी दिला नाही. पाउलसने विचारावे, तुमची परवानगी आहे ना? मानस्टाइनने वर पाहावे. अडीच लाख जीव या प्रश्नोत्तरांत अडकले होते.

८ जानेवारीला रशियनांनी शरणागतीच्या अटी पाठविल्या. त्या फेटाळल्या गेल्या आणि दोन दिवसांनी अखेरचा हल्ला सुरू झाला. येथे एक गोष्ट पाउलसच्या बाजूने सांगितली पाहिजे. या सेनेने अनेक रशियन सेना गुंतवून ठेवल्या म्हणूनच कॉकेशसमधील जर्मन फौजा निसटू शकल्या, हा युक्तिवाद निव्वळ पोकळ नाही. पण २२ जानेवारीला स्वतः पाउलसनेच शरण जाण्याची मुभा मागितली, म्हणजे त्या दिवशी त्याचाही त्यावर विश्वास उरला नव्हता. नकार आला, लढाई आणखी नऊ दिवस चालली. वेढ्यातल्या रशियन युद्धकैद्यांचे अन्न तर केव्हाच तुटले होते.

कैद झाल्यावर त्याला सांगण्यात आले की, शहराच्या उत्तर भागात अजून लढणाऱ्या तुकड्यांना शस्त्रे ठेवायला सांगा. तेवढा अधिकार आपल्याला नाही, असे म्हणून त्याने ते नाकारले. त्या तुकड्या २ फेब्रुवारीपर्यंत लढत राहिल्या.

हिटलरविरुद्ध तो जाहीरपणे बोलला तो ८ ऑगस्ट १९४४ रोजी. हिटलरवरील फसलेल्या हल्ल्याबद्दल फील्ड मार्शल विट्झलेबेनला फाशी झाली तो हा दिवस. ११ फेब्रुवारी १९४६ ला न्यूरेंबर्गच्या न्यायालयात त्याने रशियावरील स्वारीच्या आखणीविषयी साक्ष दिली. एक मुलगा इटलीत पडला होता; पत्नी एलेना पुन्हा भेट न होताच १९४९ मध्ये वारली. १९५३ मध्ये सुटल्यावर तो पूर्व जर्मनीतील ड्रेस्डेनला राहिला आणि १ फेब्रुवारी १९५७ ला मरण पावला. त्याच्याबरोबर सुमारे ९१ हजार माणसे कैद झाली होती. त्यांतली पाच-सहा हजारच घरी परतली.