भाचीचं पुस्तक, सालेमच्या मुली आणि माझी एक जुनी बातमी

दिवाळीच्या सुट्टीत भाची आली होती. नववीत आहे. दोन दिवस पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. शेवटी विचारलं, एवढं काय आहे त्यात? तर म्हणाली, "मामा, चार मैत्रिणी असतात, चौघी चेटकिणी. गावातली एक मुलगी गायब होते आणि त्या तिला शोधून काढतात." मग थांबून तिनेच विचारलं, "खऱ्या चेटकिणी कधी होत्या का?"

तिला जे सांगितलं तेच इथे लिहितोय. पोस्ट जरा लांब आहे, सवडीने वाचा.

चेटकिणी कधीच नव्हत्या. चेटकीण ठरवून मारलेली माणसं मात्र भरपूर होती. सगळ्यात गाजलेलं प्रकरण अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या सालेमचं, साल १६९२. तेव्हा तिथे इंग्रजांची वसाहत होती. त्या प्रकरणातही मुलीच होत्या, भाचीच्याच आसपासच्या वयाच्या. फक्त त्या आरोप करणाऱ्या बाजूला होत्या.

सुरुवात झाली गावच्या पाद्र्याच्या घरात. सॅम्युअल पॅरिस त्याचं नाव. त्याची ९ वर्षांची मुलगी बेटी आणि ११ वर्षांची भाची ॲबिगेल यांना झटके यायला लागले. किंचाळायचं, अंग वाकडं करायचं. डॉक्टरला काही सापडेना, म्हणून ही करणी ठरली. मग शेजारच्या मुलींनाही तसंच व्हायला लागलं. त्यात थॉमस पुटनमची १२ वर्षांची ॲन होती.

"कोण छळतंय?" असं मोठी माणसं विचारत राहिली आणि नावं आली. पहिली तीन नावं बघा. टिटुबा, पाद्र्याच्या घरची गुलाम बाई. सारा गुड, दारोदार मागून खाणारी. सारा ऑस्बोर्न, आजारी, चर्चला न येणारी आणि मालमत्तेच्या भांडणात अडकलेली. म्हणजे ज्यांच्या बाजूने गावात कुणी उभं राहणार नाही अशाच तिघी. तक्रारीवर सह्या मात्र मुलींच्या नाहीत, मोठ्या पुरुषांच्या आहेत. त्यात ॲनचा बापही आहे.

कोर्टात पुरावा काय? "हिची छाया येऊन मला चिमटे काढते." ती छाया मुलींशिवाय कुणाला दिसत नव्हती. तरी कोर्टाने ते मानलं. दीडशेच्या वर माणसं पकडली गेली. १९ जणांना फाशी झाली, १४ बायका आणि ५ पुरुष. जाइल्स कोरी नावाच्या ऐंशीच्या आसपासच्या म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं. सारा गुडची चार-पाच वर्षांची पोरगीही बेड्या घालून तुरुंगात टाकली होती. चार-पाच वर्षांची!

भाचीने इथे मला थांबवलं. "पण एकही मुलगी खरं बोलली नाही?"

बोलली. मेरी वॉरन. विशीतली, दुसऱ्याच्या घरी कामाला असलेली मोलकरीण. ती म्हणाली की या मुली सोंग करतायत. लगेच बाकीच्यांनी तिच्याकडेच बोट दाखवलं. ती आरोपी झाली, तुरुंगात गेली. थोड्या दिवसांनी ती पुन्हा त्याच घोळक्यात सामील झाली आणि दुसऱ्यांवर आरोप करायला लागली. घोळक्यातून एकटं बाहेर पडणाऱ्याचं काय होतं, ते सगळ्यांनी पाहिलं.

ॲन पुटनमचं पुढे काय झालं, तेही सांगतो. तिच्या साक्षीने फासावर गेलेल्यांत ७१ वर्षांची रिबेका नर्स होती. रिबेकाच्या माहेरच्यांशी पुटनम घराण्याचे जमिनीच्या हद्दीवरून जुने तंटे होते. ऑगस्ट १७०६ मध्ये, २६ वर्षांची ॲन चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभी राहिली आणि पाद्र्याने तिचा माफीनामा वाचून दाखवला. निर्दोष माणसांचं रक्त सांडायला आपण कारण झालो, असं तिने कबूल केलं. त्या मुलींपैकी जाहीर माफी मागणारी ती एकटीच.

या इतिहासाची एक चांगली बाजूही आहे. एलिझाबेथ जॉन्सन नावाच्या तरुणीला १६९३ मध्ये मृत्युदंड सुनावला होता. गव्हर्नरमुळे ती वाचली, पण दोषी म्हणून नोंद तशीच राहिली. पुढे बाकीच्यांना निर्दोष ठरवताना हिचं नाव राहूनच गेलं. ते हेरलं नॉर्थ अँडोव्हरच्या आठवीच्या मुलांनी आणि त्यांच्या शिक्षिकेने. त्यांनी कागद शोधले, आमदारांना पत्रं लिहिली. २०२२ मध्ये, ३२९ वर्षांनी, ती निर्दोष ठरली. भाचीच्या पुस्तकातल्या मैत्रिणी करतात तसाच शोध, पण खरा.

आता माझी गोष्ट. ही मी भाचीला सांगितली नाही, तुम्हाला सांगतो.

पंधराएक वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर बातमीला गेलो होतो. दोन पोरं तापाने गेली होती. भगताने एका विधवा बाईला डाकीण ठरवलं होतं. तिला मारून गावाबाहेर काढलं. तिची तीन एकर जमीन पुतण्यांच्या बांधाला लागून होती. तिथे तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी मला म्हणाली, "रात्री ती माझ्या छातीवर बसते." तिच्या मागे तिचे काका उभे होते. मी ते वाक्य जसंच्या तसं छापलं. मथळ्यात 'डाकीण' असं अवतरणचिन्हात लिहिलं आणि वाटलं, आपलं काम झालं. काकांना बाजूला पाठवून त्या पोरीशी पाच मिनिटं बोलावं, हे सुचलं नाही. जमिनीचा सातबारा बघावा, हेही सुचलं नाही.

२०१३ मध्ये डॉ. दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी बाई करणी करते असं सांगून तिला छळणं हा आज गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. पण पोलीस येतात ते मार बसल्यावर. त्याच्या आधी दोन-चार आठवडे गावात कुजबुज चालू असते. ती कुजबुज आपल्याच कानावर येते, आपल्याच पोरांच्या तोंडात जाते.

तेव्हा मुलांना चेटकिणींची पुस्तकं वाचू द्या, त्यात काही वाईट नाही. फक्त सोबत सालेमची गोष्टही सांगा. आणि तुमच्या गावात कुणा बाईबद्दल असं काही कानावर आलं, तर पहिल्याच दिवशी बोला. एकटं पडायची भीती वाटत असेल, तर मला फोन करा. यावेळी सातबारा बघूनच बातमी लिहीन.