प्रभारी : खालिद जमीलची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा जे गाडीत बसलेत आणि इअरफोन घरी राहिलेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा अख्खा भाग इथं लिहून दिलाय. बोलण्यातलं 'म्हणजे' आणि 'बरं का' थोडं कापलंय, थोडं राहू दिलंय.

आजचा विषय फुटबॉल. हो, फुटबॉल. मी मूळचा किन्हीराजाचा. वाशिम जिल्हा, मालेगाव तालुका (नाशिकवालं मालेगाव नाही, आपलं मालेगाव). आमच्याकडे फुटबॉल बघणारे बहुतेक सगळे मोबाईलवर मेस्सी-रोनाल्डो बघतात. भारताचा कोच कोण, असं विचारलं तर दहातले नऊ जण गूगल करतील. पण या माणसाची गोष्ट समजायला फुटबॉल कळायलाच पाहिजे असं नाही. एक शब्द कळला की झालं, आणि तो गावाकडच्या प्रत्येकाला माहीत आहे. तो शब्द म्हणजे 'प्रभारी'.

प्रभारी म्हणजे कोण? खुर्ची रिकामी पडली, कायमचा माणूस मिळेना, आणि काम तर थांबवता येत नाही. मग जो जवळ उभा आहे त्याला म्हणायचं, 'तू बघ सध्या.' जबाबदारी सगळी, पण पाटीवर नावाआधी 'प्र.'. काम चांगलं झालं तर पुढं बघू, बिघडलं तर तू होतास ना तिथं! आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पण हेच चालतं. प्रोजेक्ट बुडायला लागला, लीड सोडून गेला, की टीममधल्या एकाला पुढं करतात. नवीन काही बांधायला नाही, तर लागलेली आग विझवायला.

खालिद जमील हा भारतीय फुटबॉलमधला सगळ्यात यशस्वी प्रभारी. १ ऑगस्ट २०२५ ला तो भारताच्या पुरुष संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. या जागेसाठी १७० अर्ज आले होते. शेवटच्या तीन नावांत तो एकटा भारतीय होता. दुसरे दोघे इंग्लंडचा स्टीफन कॉन्स्टंटाईन आणि स्लोव्हाकियाचा श्तेफान तार्कोविच. त्याआधी शेवटचा भारतीय मुख्य प्रशिक्षक होता गोव्याचा सावियो मेदेरा, २०११-१२ मध्ये. मधली १३ वर्षं खुर्चीवर हॉलंड, इंग्लंड, क्रोएशिया, स्पेन, असे सगळे बाहेरचे.

आता मागं जाऊ.

खालिदचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला. आखाती युद्धानंतर कुटुंब भारतात आलं आणि मुंबई हे त्याचं गाव झालं. खेळायचा मधल्या फळीत. त्याचे क्लब तीन, आणि तिन्ही मुंबईचे: महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, परत महिंद्रा आणि शेवटी मुंबई एफसी. भारताकडूनही खेळला. २००५-०६ मध्ये महिंद्रा युनायटेडनं नॅशनल फुटबॉल लीग जिंकली, त्या संघात तो होता. कोच होते गोव्याचे डेरिक परेरा. पण दुखापतींनी त्याचं करिअर पोखरलं होतं. २००९ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, तो बूट काढून मुंबई एफसीचा कोच झाला.

ते तीन क्लब आज शोधून बघा. महिंद्रानं २०१० मध्ये संघ बंद केला. एअर इंडियाचा संघ वरच्या लीगमधून कधीच गेला. मुंबई एफसी २०१७ मध्ये संपली. तिघांपैकी एकही क्लब आज त्या पातळीवर नाही. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मुंबई एफसीमध्ये खालिद ७ वर्षं टिकला. आय-लीगमध्ये एका क्लबात ७ वर्षं म्हणजे कोचसाठी लय झालं. पैसा कमी, मोठे खेळाडू परवडत नाहीत. दरवर्षी ध्येय एकच, लीगमधून खाली घसरायचं नाही. आणि त्या ७ वर्षांत संघ एकदाही घसरला नाही. लोक म्हणायचे, खालिदचा खेळ कंटाळवाणा, सगळे मागं उभे राहून बचाव करतात. खरं होतं ते. पण एका गुणासाठी झगडणाऱ्या संघाला घेऊन तुम्ही बार्सिलोनासारखं खेळायला गेलात, तर पुढच्या वर्षी खेळायला लीगच राहत नाही.

२०१६ मध्ये क्लबनं त्याला बाजूला केलं आणि तो गेला मिझोराममध्ये, ऐझॉल एफसीकडं. आता ऐझॉलची अवस्था ऐका. हा संघ आदल्या हंगामात लीगमधून खाली घसरलेला होता. पण धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तीन क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतली, जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला परत बोलावलं. म्हणजे संघच प्रभारी होता!

खालिदनं तिथं मुंबईतून कोणाला नेलं? मुंबई एफसीच्या जुन्या संघातले जयेश राणे आणि आशुतोष मेहता. गोलरक्षक होता गोव्याचा अल्बिनो गोम्स. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल-आमना. बाकी बहुतेक मिझो पोरं.

२२ एप्रिल २०१७ ला ऐझॉलमध्ये मोहन बागानशी सामना झाला. ज्याच्या खिशात पैसा आणि मागं सव्वाशे वर्षांचा इतिहास, तो बागान. झोमिंगलियाना राल्तेच्या हेडरवर ऐझॉल १-० नं जिंकलं. शेवटचा सामना ३० एप्रिलला शिलाँगमध्ये. चॅम्पियन व्हायला एक गुण पुरे होता. ९ व्या मिनिटालाच शिलाँग लाजाँगच्या दिपांडानं गोल केला. मग तासभर जीव टांगणीला. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलानं बरोबरी साधली. शेवट १-१. ऐझॉल ३७ गुण, मोहन बागान ३६. ईशान्य भारतातला कुठलाही क्लब त्याआधी देशाची लीग जिंकला नव्हता.

आणि त्याच हंगामात, खालिदशिवायची मुंबई एफसी तळाला जाऊन खाली घसरली आणि बंद झाली.

एवढं झाल्यावर माणसाला पुढं काय मिळायला पाहिजे? २०१४ पासून इंडियन सुपर लीग सुरू होती. पैसा तिथं, टीव्ही तिथं. पण तिथून मुख्य प्रशिक्षकाचं बोलावणं आलं नाही. तो कोलकात्याला ईस्ट बंगालकडं गेला. संघ चौथा आला आणि तिथं चौथा म्हणजे नापास. जानेवारी २०१९ मध्ये मोहन बागानच्या कोचनं अर्ध्या हंगामात राजीनामा दिला आणि बोलावलं कोणाला? खालिदला. हंगाम संपला, बागाननं स्पेनचा कोच आणला.

मग तो नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहायक झाला. देशाची लीग जिंकलेला माणूस, सहायक! जानेवारी २०२१ मध्ये क्लबनं स्पॅनिश कोच जेरार्ड नूसला काढलं आणि म्हटलं, 'तू बघ सध्या.' त्यानं बघितलं. लीगचे उरलेले सगळे सामने न हरता संघाला उपांत्य फेरीत नेलं. आयएसएलमध्ये भारतीय कोचनं संघ तिथपर्यंत नेण्याची ही पहिली वेळ. त्या ऑक्टोबरमध्ये क्लबनं त्याला कायम केलं. ७ हंगाम झालेल्या लीगमधला पहिला कायमस्वरूपी भारतीय मुख्य प्रशिक्षक.

बरं, गोष्ट इथंच गोड करायची नाही. कायम झाल्यावर पुढच्या हंगामात नॉर्थईस्ट ११ संघांत १० वा आला. खालिद काही जादूगार नाही. पण मला त्यात एक गोष्ट दिसते. दहा-पंधरा वर्षं माणसाला आग विझवायलाच बोलावलंत, तर तो आग विझवण्यात तरबेज होणार. घर बांधायची सवय त्याला कुठून लागणार? त्यासाठी वेळ, पैसा आणि दोन-तीन हंगामांचा भरवसा लागतो, आणि तो भरवसा बाहेरून आलेल्याला पहिल्या दिवशी मिळत होता.

डिसेंबर २०२३ च्या अखेरीस परत तेच. जमशेदपूरनं स्कॉट कूपरला सोडलं आणि अर्ध्या हंगामात खालिद आला. यावेळी मात्र त्याला पुढचा पूर्ण हंगाम मिळाला. २०२४-२५ मध्ये जमशेदपूर आयएसएलच्या उपांत्य फेरीत आणि सुपर कपच्या अंतिम फेरीत पोचला. फेडरेशननं त्याला लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्तम प्रशिक्षक ठरवलं.

आता भारताचा संघ. इथंही नीट बघा, खुर्ची कधी मिळाली? मानोलो मार्केझनं जुलै २०२५ मध्ये सोडलं तेव्हा. आशियाई कपच्या पात्रता फेरीत भारताचे दोन सामने होऊन खात्यावर फक्त एक गुण होता. बांगलादेशशी ०-० आणि हाँगकाँगकडून ०-१. आयएसएल पुढं ढकललेली, म्हणजे खेळाडू सरावाबाहेर. मोहन बागाननं पहिल्या स्पर्धेला आपले खेळाडू सोडले नाहीत. करार मात्र दोन वर्षांचा, वर एक वर्ष वाढवायची सोय. म्हणजे कागदावर कायम, परिस्थिती प्रभारीची.

आणि प्रभारीनं प्रभारीचंच काम केलं. पहिली स्पर्धा सीएएफए नेशन्स कप. यजमान ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानात २-१ नं हरवलं. इराणकडून ०-३ हार. अफगाणिस्तानशी ०-०. तिसऱ्या जागेसाठी ओमानशी १-१, मग पेनल्टी शूटआउट, गुरप्रीतनं शेवटची पेनल्टी अडवली आणि भारत ३-२ नं जिंकला. ओमान तेव्हा जागतिक क्रमवारीत भारताच्या ५० एक जागा वर होता.

पण खरी परीक्षा ऑक्टोबरमध्ये होती. सिंगापूरमध्ये १-१, तेही ९० व्या मिनिटाच्या गोलवर. मग १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा स्टेडियममध्ये छांगतेनं १४ व्या मिनिटालाच आघाडी मिळवून दिली आणि तरी १-२ नं हार. २०२७ च्या आशियाई कपचं दार बंद. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडून ०-१, तीही २२ वर्षांत पहिल्यांदा.

मग सुरू झालं, 'बघा, भारतीय कोच ठेवला की असं होतं.' हे वाक्य मला खटकतं. गोव्याच्या सावियो मेदेराचंही असंच झालं होतं. साळगावकरचा हा जुना मिडफिल्डर आर्मांदो कोलासोंचा सहायक होता. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये कोलासो गेले आणि जबाबदारी याच्याकडं आली. डिसेंबरमध्ये दिल्लीत अफगाणिस्तानला ४-० नं हरवून त्यानं सॅफ चषक जिंकला. मार्च २०१२ मध्ये काठमांडूच्या चॅलेंज कपमध्ये तिन्ही सामने हरला आणि थोड्याच महिन्यांत हॉलंडचे कोव्हरमन्स आले. बाहेरचा कोच हरला की आपण म्हणतो, हा माणूस चुकला. भारतीय हरला की म्हणतो, भारतीय कोचच नको. एकाची हार त्याची एकट्याची, दुसऱ्याची हार सगळ्या जमातीची.

आणि 'आपल्यात दमच नाही' असं म्हणणाऱ्यांनी 'मैदान' सिनेमा बघितला असेलच. सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे शाळामास्तर. १९५१ आणि १९६२ ची एशियाडची सोन्याची पदकं, १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, हे त्यांच्या हाताखालचं. त्यांना १२-१३ वर्षं मिळाली. मेदेराला काही महिने.

आता ते तीन बंद क्लब आठवा. एअर इंडिया, महिंद्रा अशा कंपन्यांचे संघ होते तेव्हा मध्यमवर्गीय पोराला फुटबॉल खेळून पगार मिळायचा आणि खेळ संपला तर त्याच शहरात कोचिंगची शिडी सापडायची. खालिद त्याच शिडीवरून वर आला. ती शिडी आता काढून ठेवलीय. मुंबईत आज आयएसएलचा संघ आहे, पैसा आहे, पण ३२ वर्षांच्या दुखापतग्रस्त भारतीय खेळाडूच्या हातात ७ वर्षं संघ कोण देईल? म्हणून मला खालिद जिंकतो की हरतो यापेक्षा जास्त काळजी दुसरी आहे. त्याच्यानंतर १७० अर्जांमधून शेवटच्या तिघांत पोचेल असा दुसरा भारतीय कुठं तयार होतोय?

तेव्हा एक काम करा. भारताचा पुढचा सामना लागेल तेव्हा स्कोअर बघाच, पण आपल्या आवडत्या क्लबच्या बाकावर सहायक म्हणून कोण भारतीय बसलाय, त्याचंही नाव वाचून ठेवा. उद्या कोणीतरी त्यालाच म्हणणार आहे, 'तू बघ सध्या.'

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!